नऊ हजार नऊशे नव्वद

३ फेब्रुवारी

जनरेटरच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यात लिहितोय. दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर रेनाटा म्हणाल्या, "मुसिबा, मशीनला हात लावाल तेव्हा लिहून ठेवत जा." पुढून डिझेल, मागून मशीन. वही एकच पुरे.

मशीन म्हणजे कोठीतला सर्व्हर. सगळा दवाखाना त्याच्यावर. कोण आलं, कुणाला काय औषध दिलं, कोण कामावर कधी आलं, सगळं त्यात. मी चार यत्ता शिकलेला माणूस, आयुष्य बोटींच्या इंजिनांत आणि जनरेटरात गेलं. पण बेटावर दुसरं कोण आहे? चौऱ्याण्णव दिवस झाले, मशीन एकदाही बंद पडू दिलं नाही. बॅटऱ्या, डिझेल, सूर्याच्या पाट्या, सगळं माझ्या हातात.

तर भानगड अशी. मशीनचं घड्याळ चौदा मिनिटं पुढं निघालं. परवा मी सरळ मागं ओढलं. माझ्या मते घड्याळ चुकलं की काटा फिरवायचा, विषय संपला. तर औषधांचं खातं अडून बसलं. एका पोराचा दुसरा डोस पहिल्याच्या आधी दिसायला लागला, आणि मशीन म्हणे आता कुणालाच औषध देणार नाही. दिवसभर वॉर्डात माझ्या नावानं खडे फोडले. शेवटी घड्याळ होतं तसं चौदा मिनिटं पुढं केलं, तेव्हा खातं सुटलं.

आज सरोवरापलीकडच्या म्वांझा शहरातल्या इंजिनीअर बाई रोबी यांना फोन लावला. चाळिशीच्या आहेत, बोलतात मास्तरणीसारख्या.

"बाबा, चालत्या मशीनचा वेळ मागं ओढायचा नाही. आत एक गाभा असतो, कर्नेल म्हणतात त्याला. तो ठोके मोजून वेळ चालवतो. एका ठोक्याला दहा हजार मायक्रोसेकंद धरतो. आपण त्याला सांगायचं, नऊ हजार नऊशे नव्वदच धर. मग घड्याळ रोज दीड मिनिट मागं पडेल. कुणाला कळणारही नाही."

"दहा दिवस लागतील की मग."

"लागू देत. आणि अकराव्या दिवशी..."

"बाई, उंटावरून शेळ्या हाकू नका. ओळ सांगा, मी टाइप करतो."

ओळ सांगितली. एकेक अक्षर. टाइप केली. काही हललं नाही, काही वाजलं नाही. मशीन चालूच.

९९९०. लिहून ठेवलं.

५ फेब्रुवारी

तीन मिनिटं कमी झालं. बाई बोलतात फार, पण खोटं नाही बोलत.

१३ फेब्रुवारी

जुळलं. रेडिओवर सकाळच्या बातम्यांची घंटा झाली तेव्हा मशीनवर सात आणि शून्य शून्य. म्हणजे आमचा एक. मशीनला सूर्य कळत नाही, ते मध्यरात्रीपासून मोजतं. आम्ही सूर्य उगवल्यापासून मोजतो, तो उगवून तास झाला की एक वाजला. मालिमा, आमचा नोंदणीवरचा कारकून, अजून बोटं मोजून सहा वजा करतो.

रोबीबाईंचा फोन आला. मोबाइलच्या मनोऱ्याची तार वाऱ्यानं हलते, आवाज तुटत होता.

"बाबा, परत केलं का?"

"जुळलं, जुळलं."

"परत दहा हजार..."

"अहो जुळलं म्हणतोय ना. सेकंदाला सेकंद."

पुढचं ऐकू आलं नाही. परत कशाला करायचं? जनरेटर पळायला लागला की वेगाचा स्क्रू आवळतो. वेग जागेवर आला की स्क्रू तिथंच ठेवायचा. परत सैल कोण करतं? केला की पुन्हा पळणार. दहा हजारावर हे मशीन पळत होतं, नऊ हजार नऊशे नव्वदावर बरोबर झालं. त्याचा आकडा त्याला सापडला.

हे काम संपलं.

२४ फेब्रुवारी

मालिमा आला. "बाबा, मशीन आणि माझं घड्याळ जमत नाही. पाव तासाचा फरक पडतोय."

मी म्हणालो, "घड्याळ कुठून घेतलंस?"

"बाजारातून."

"किती दिवस झाले?"

"दोन महिने."

"मग एवढं चाललं तेच खूप. मशीनचे तास वेगळे, आपले वेगळे. तू नाव लिही, वेळ ते टाकतं."

"पण तास वेगळे असतात बाबा, मिनिटं तर तीच."

"मालिमा, तू नाव लिही."

गेला. या पोरांना नसती उठाठेव फार. पोरं म्हणायचं, त्याचेही केस पांढरे व्हायला लागलेत.

४ मार्च

सिस्टर खूश. हजेरीच्या पट्टीवर बोट लावायचं सुरू केल्यापासून आता कुठं माणसं वेळेवर यायला लागली. गेल्या दोन आठवड्यांत एकही जण उशिरा नाही. स्वयंपाकीण, जी कधी वेळेवर आली नाही, तीसुद्धा वीस वीस मिनिटं आधी. सिस्टर म्हणाल्या, "फक्त एक, संध्याकाळी लवकर पळतात." मी म्हणालो, "आधी येणार तो आधी जाणार. माणसाच्या अंगात तेवढंच काम असतं."

जेवताना बायकोला सांगितलं. मक्याच्या उगालीचा घास मासळीच्या रश्शात बुडवत म्हणाली, "ती स्वयंपाकीण आणि लवकर? तिचं कोंबडं तिच्यानंतर उठतं." हसलो दोघंही.

१३ मार्च

वाईट दिवस.

मुगाला गेली. मगेसा कोळ्याची बायको, चौथं बाळंतपण. घरीच झाली, बाळ ठीक, हिचं रक्त थांबेना. चौघांनी चादरीत घालून आणली. वॉर्डात न्यासातू एकटी होती. न्यासातू माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ सरोवरात बुडून गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती, तिला मी शिकवली, दाई-नर्सचा कोर्स मीच करवला. मला थोरले बाबा म्हणते. डॉक्टर काइतिरा लसींसाठी पलीकडच्या धक्क्यावर गेले होते. तिनं फोन केला, ते बोटीनं निघाले, पाऊण तासानं पोचले. तोवर काही उरलं नव्हतं. रक्ताची एक पिशवी होती, तीही चढली होती.

जनरेटर मी दिवसभर चालू ठेवला. तेवढंच करता येत होतं.

बाळ मुलगी आहे. मगेसाच्या आईनं नेली.

१५ मार्च

मगेसा दारात उभा राहून ओरडला. "माझी बायको तासभर पडून होती. तासभर. तुमची नर्स इकडून तिकडं फिरत होती." माणूस मेल्यावर पाच मिनिटं तासाची होतात, मला माहीत आहे. पण त्याचे दोन भाऊ म्वांझाला जाऊन अर्ज देऊन आले. चौकशी लागणार.

न्यासातू आली. चेहरा धुऊन आली होती.

"थोरले बाबा, आणल्याबरोबर सलाइन लावली. पोट दाबून धरलं. हातातनं रक्त येत होतं तरी एका हातानं फोन लावला. पाव तास झाला असेल, त्याहून जास्त नाही."

"लिहिलंयस ना?"

"वहीत लिहिलंय. तीन पन्नासला आली, चार पाचला डॉक्टरांना फोन."

"मग झालं. कागद बोलेल."

१७ मार्च

चौकशीचे साहेब आले. पातळ माणूस, रुमाल नाकाला. कोठीत पाय ठेवला नाही, धुळीची ॲलर्जी म्हणे. मालिमानं मशीनमधून कागद काढून दिला. साहेबांनी वाचला, सहा वजा केले, परत वाचला.

"यात मुगाला तीन दहाला आली असं आहे. सलाइन तीन सोळाला दिली. तुमच्या नर्सच्या वहीत तीन पन्नास. आणि डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये फोन चार पाचला. मोबाइलचा वेळ मनोऱ्यावरून येतो, तो चुकत नाही. मग यातलं काय चुकतं?"

साहेब माझ्याकडं वळले.

"हे मशीन तुम्ही सांभाळता?"

"हो."

"चुकतं का?"

मी म्हणालो, "एकशे छत्तीस दिवसांत एकदा बंद पडलेलं नाही. घड्याळ मी स्वतः लावलंय, रेडिओला लावून बघितलंय. सेकंदाचा फरक नाही."

"लिहून द्याल?"

लिहून दिलं. सही केली. खरं ते सांगायला काय भ्यायचं? साहेबांनी मनगटाकडं बघितलं, म्हणाले बोट सुटेल, आणि गेले.

घरी येताना डोक्यात एकच. मशीन बरोबर तर न्यासातूची वही खोटी. ती खोटं लिहिणारी नाही. पण घाबरलेलं माणूस नंतर लिहितं, सोयीचं लिहितं. मीही एकदा बोटीचं इंजिन जळलं तेव्हा तेल बघितलं होतं असं सांगितलं होतं.

१८ मार्च

दुपारी तिच्याकडं गेलो. दोन्ही पोरी शाळेत होत्या. नवरा म्वांझात दुसरा संसार थाटून बसलाय, त्यामुळं घरात तीच.

मी आडपडदा ठेवत नाही. म्हणालो, "मशीनमध्ये ती तीन दहाला आली, सलाइन तीन सोळाला, असं आहे."

"कसं असेल? मी घड्याळ बघून लिहिलं. छातीवरचं."

"केव्हा लिहिलंस?"

"सगळं झाल्यावर. हात धुतल्यावर."

"मग? मशीन हात धुवायला थांबत नाही. त्याच क्षणी टाकतं."

ती जमिनीकडं बघत बसली. मग म्हणाली, "तीन सोळाला सलाइन लावली आणि चार पाचला फोन केला, तर मध्ये मी काय करत होते?"

"ते मला काय विचारतेस?"

"नाही, मीच विचारतेय."

मी म्हणालो, "पोरी, मशीनला तुझ्याशी वैर नाही. उद्या चौकशीत वाद घालू नको. मान खाली घाल, चुकलं म्हण. मान्य करणाऱ्याला लोक सोडतात. भांडणाऱ्याला सोलतात. सहा महिने घरी बसवतील, परत घेतील. प्रमाणपत्र राहील."

"बरं," म्हणाली.

शहाणी आहे. लहानपणापासून एकदा सांगितलं की ऐकते.

१९ मार्च

चर्चच्या सभागृहात चौकशी झाली. साहेब, बरोबर एक बाई लिहून घ्यायला. मगेसा मागच्या बाकावर टोपी मुठीत धरून.

साहेबांनी आवाज चढवला नाही. "सलाइन लावल्यावर एकोणपन्नास मिनिटं तुम्ही काय करत होतात?"

न्यासातू उठून उभी राहिली. मग म्हणाली, "आठवत नाही."

"आठवा. कुणी घाई करत नाही."

"मी मागच्या खोलीत गेले असेन."

"कशाला?"

"चहाला. त्या वेळेला मी रोज चहा घेते."

मागच्या बाकावरनं आवाज आला, जनावरासारखा. मगेसाचा. भावांनी धरून बाहेर नेला.

लिहिणाऱ्या बाईनं लिहिलं. न्यासातूनं सही केली. "असेन" ठेवलं नाही, "होते" लिहिलं. मी बघितलं, पण तेवढ्याशा फरकासाठी कोण मध्ये तोंड घालणार.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बरं केलंस." तिनं माझ्या पायांना हात लावला.

२२ मार्च

घरी बसवली. कागद नर्सांच्या परिषदेकडं म्वांझाला गेला. ९ एप्रिलला बोलावलंय. सहा महिने नाही, नावच काढून टाकतील असं डॉक्टर काइतिरा म्हणाले. "बाबा, तिनं चहा म्हणायला नको होतं. घाबरले, गोंधळले, काहीही चाललं असतं. चहा नाही."

बाजारात मासळीवाल्या बायकांनी तिला वजन करून दिलं नाही. थोरली पोर शाळेतून आली ती दप्तरावर कुणीतरी चहाचा कप काढलेला. खडूनं.

२७ मार्च

लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

तिमाही संपत आली म्हणून सिस्टरनी प्रत्येकाला हजेरीचा कागद दिला. मला देताना म्हणाल्या, "मुसिबा, सगळ्यांत आधी तुम्ही. या वयात." मी चष्मा लावला.

माझं रोजचं ठरलेलं आहे. बातम्यांची घंटा झाली की माझं बोट पट्टीवर. आमचा एक, मशीनचा सात. यायची वेळ वीस वर्षांत हललेली नाही. कागदावर १३ फेब्रुवारीला सात. पुढच्या दिवशी सहा अठ्ठावन्न. मग सत्तावन्न, पंचावन्न, चौपन्न. एकेक ओळ खाली, एकेक पायरी खाली. ४ मार्चला सहा बत्तीस. १३ मार्चला सहा एकोणीस. आजच्या दिवशी सहाला एक मिनिट कमी.

मी आयुष्यात सहाला आलेलो नाही. सहाला मी बकरी सोडत असतो.

कोठीत गेलो. मशीनचं घड्याळ, माझं घड्याळ. एक तास.

रोबीबाईंना फोन लावला. आज आवाज स्वच्छ होता, नको तेव्हा असतो.

"बाबा, दहा हजार परत केलं नव्हतं?"

"वेग जागेवर आला म्हणून तसाच ठेवला."

बाई हळू म्हणाल्या, "तो स्क्रू नव्हता, बाबा. मशीन पळत नव्हतंच. सुरुवातीला कुणीतरी पुढं लावलं होतं, एवढंच. पुढं गेलेली होडी मागं आणायला तुम्ही वल्ही उलटी मारलीत. होडी जागेवर आली. तुम्ही मारतच राहिलात."

"१३ मार्चला किती मागं असेल?"

"थांबा." कागदाचा आवाज. "चाळीस मिनिटं."

तीन दहाचे तीन पन्नास.

मी खाली बसलो. मालिमा आला होता, दारात उभा होता. काही म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं.

मनात आलं ते लिहितो, नाहीतर या वहीला काय अर्थ. मनात आलं, आत्ता दहा हजार करू, घड्याळ तासभर पुढं ढकलू, हजेरीचा कागद चुलीत घालू. कुणाला कळणार? पाच मिनिटं तसा विचार करत बसलो. मग सिस्टरकडं गेलो.

२८ मार्च

न्यासातूला सांगितलं. कागद दाखवला, ओळीवर बोट ठेवून दाखवलं. "चूक माझी. तू तीन पन्नास लिहिलंस ते खरं. मध्ये एकोणपन्नास मिनिटं नव्हतीच. नऊ होती."

ती कागदाकडं बघत राहिली. "बरं," म्हणाली.

मला वाटलं रडेल, नाहीतर मला शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं कागद नीट घडी करून परत दिला. पोरींचे कपडे वाळत होते ते काढायला गेली.

सांगितलं, कळलं तिला. परत परत कशाला.

३१ मार्च

रोबीबाई स्वतः आल्या. सगळं बघितलं, लिहून दिलं, सही शिक्क्यानिशी. मशीन आता दहा हजारावर आहे. घड्याळाचं काय ते त्यांनीच केलं, मी हात लावला नाही.

तो कागद आणि माझा हजेरीचा घेऊन साहेबांकडं गेलो. साहेबांनी दोन्ही वाचले.

"पहिल्यांदा तुम्ही लिहून दिलंत, मशीन बरोबर. आता म्हणता मशीन चूक. ती तुमची पुतणी, बरोबर?"

"हो."

"शिवाय तिनं स्वतः मान्य केलंय. मशीन म्हणो काहीही, बाईची सही आहे." कागद माझ्याकडं सरकवले. "परिषदेत द्या. माझं काम संपलं."

माझं काम संपलं. हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन.

३ एप्रिल

मगेसाकडं गेलो. तो जाळं विणत होता. सगळं सांगितलं. त्यानं सुई थांबवली नाही.

"म्हणजे ती उशिरा नव्हती?"

"नव्हती."

"मग माझी बायको का मेली?"

मी म्हणालो, "रक्त फार गेलं. डॉक्टर पलीकडं होते. रक्ताची पिशवी एकच होती."

"हे तर आधीपासूनच असतं," तो म्हणाला. "बोट, डॉक्टर, पिशवी. त्याला मी काय करू? त्याच्या दारात जाऊन ओरडू?" मग म्हणाला, "बाबा, तुम्ही जा. माझ्याकडं ओरडायला एक माणूस होतं, तेही काढून घेऊ नका."

९ एप्रिल

म्वांझा. परिषदेची खोली, पंखा, तिघं जण. मधली अध्यक्षबाई, जाड चष्मा, पूर्वी स्वतः दाई होती म्हणे. तिनं रोबीबाईंचं लिखाण वाचलं, माझा कागद वाचला. मला उभं केलं. मी सगळं सांगितलं, स्क्रूचंसुद्धा. एक सभासद हसला. तिनं त्याच्याकडं बघितलं, तो थांबला.

"हा कागद पुरेसा आहे," ती म्हणाली. मला वाटलं, सुटली पोर. मग तिनं न्यासातूकडं तोंड केलं. "फक्त तुझा जबाब तेवढा मध्ये आहे. तू घाबरून सही केलीस, असं आहे ना? तेवढं सांग. बाकी आम्ही बघतो."

न्यासातू उभी राहिली. कमरेला गुंडाळलेला निळा खांगा, पांढरा ब्लाउज, इस्त्री केलेला.

"मी चहा प्यायले," म्हणाली.

"मुली, मशीन चाळीस मिनिटं मागं होतं. तुला सांगितलंय ना?"

"सांगितलंय. थोरल्या बाबांनी दाखवलं. पण मला आता आठवतंय. मी मागच्या खोलीत गेले. कप उचलला. गरम होता म्हणून खाली ठेवला, परत उचलला. खिडकीतनं बोटी बघितल्या. मुगालानं हाक मारली, ती मी ऐकली, आणि कप संपवला."

"तुला हे केव्हापासून आठवतंय?"

"चौकशीनंतर. रोज थोडं थोडं जास्त."

मी म्हणालो, "बाई, ही तशी नाही. हे तिला मी घातलं डोक्यात. मी म्हणालो तिला मान्य कर." अध्यक्षबाईनं हात वर केला. तिनं न्यासातूला आणखी दोन वेळा विचारलं, वेगवेगळ्या शब्दांत. न्यासातूनं तेच सांगितलं. दुसऱ्या वेळी चहात साखर किती होती तेही.

तिघं बाहेर गेले. परत आले. खोटं घड्याळ होतं हे त्यांनी मान्य केलं. नर्सनं स्वतः, कुणी जबरदस्ती न करता, पुन्हा कबूल केलं हेही मान्य केलं. नाव काढलं. कायमचं. अध्यक्षबाईनं सही करताना चष्मा काढला होता, अक्षर तिला दिसत नसणार.

परतीच्या बोटीत दोघं कठड्याला उभे होतो. म्हणालो, "न्यासातू, चाळीस मिनिटं नव्हतीच."

ती म्हणाली, "तुम्हाला मशीनचं कळतं, थोरले बाबा. वॉर्डात मी होते."

१० एप्रिल

सिस्टरना कोठीची किल्ली दिली. घेईनात. टेबलावर ठेवून आलो.

१४ एप्रिल

आज परत तिच्याकडं गेलो. चौथा दिवस. जातो, हजेरीचा कागद उघडतो, पहिल्या ओळीपासून वाचून दाखवतो. ती ऐकते. मध्येच उठत नाही, उलट बोलत नाही. मोठ्यांचा मान ठेवते.

वाचून झालं. तिनं चूल पेटवली, दूध घालून चहा केला, आलं ठेचून टाकलं, मला आवडतं तसा. माझ्यापुढं कप ठेवला. पोरींना अर्धा अर्धा दिला. भांड्यात एकाचा उरला होता.

म्हणालो, "तू घे की."

तिनं भांडं उचललं, दारापर्यंत गेली आणि उरलेला बाहेर मातीत ओतला. परत येऊन भांडं घासायला बसली.

"नको," म्हणाली. "मला एकदा घेतला की भान राहत नाही."